दिल्ली सदरचा निकाल आणि सोळा दिवसांनंतरचा वटहुकूम

निवडणूक खर्चाच्या कायद्याची चर्चा आपल्याकडे अलीकडे निवडणूक रोख्यांपासून सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. रोखे हा महत्त्वाचा विषय आहेच. पण तो एका जुन्या कथेचा केवळ शेवटचा अध्याय आहे. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला वेगळाच प्रश्न पडतो. कायदा आहे, खर्चाची मर्यादा आहे, निरीक्षक आहेत, नोंदवह्या आहेत, शिक्षेची तरतूदही आहे. मग हा कायदा राजकीय पक्षांना लागू करण्याची वेळ आली की नेमके काय बिनसते? अधिकाऱ्यांची अकार्यक्षमता, न्यायालयीन विलंब, पुराव्याचा अभाव ही नेहमीची उत्तरे आहेत आणि ती खोटी नाहीत. तथापि ती अपुरी आहेत. पुरे उत्तर शोधू गेल्यास १९७४ च्या ऑक्टोबर महिन्यातील दिल्लीकडे वळावे लागते.

दिल्लीत तेव्हा 'दिल्ली सदर' नावाचा लोकसभा मतदारसंघ होता. सदर बाजार आणि भोवतालची व्यापारी पेठ, जुन्या वस्त्या, दाटीवाटीच्या गल्ल्या असा त्याचा तोंडवळा. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत तो नकाशावरून पुसला गेला. आपल्या सरकारी मराठीत 'सदर' या शब्दाचा अर्थ 'उपरोक्त' असा होतो, आणि योगायोग असा की भारतातील निवडणूक खर्चाच्या कायद्याचा इतिहास सांगताना 'सदर प्रकरणी' असे म्हटल्यावाचून पुढे जाताच येत नाही. १९६७ मध्ये येथून जनसंघाचे कंवरलाल गुप्ता निवडून आले होते. १९७१ च्या 'गरीबी हटाव'च्या लाटेत त्यांचा काँग्रेसचे अमरनाथ चावला यांच्याकडून पराभव झाला. गुप्तांनी दिल्ली उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल केली. मतदारसंघासाठी खर्चाची कायदेशीर मर्यादा १०,००० रुपये होती आणि चावला यांच्या बाजूने झालेला खर्च त्याहून पुष्कळ अधिक होता, हा त्यांचा मुख्य आक्षेप. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. गुप्ता सर्वोच्च न्यायालयात गेले.

वादाचा विषय दिसायला अगदी किरकोळ होता. प्रचारसभांचे मंडप, व्यासपीठ, ध्वनिक्षेपक, फर्निचर यांचे पैसे कोणी दिले? उमेदवाराने दिले असतील तर ते त्याच्या हिशोबात यायला हवेत. पक्षाने दिले असतील तर? येथे कायद्याची जुनी वाट उमेदवाराला सोयीची होती. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७७ अन्वये उमेदवाराने स्वतः 'केलेला किंवा अधिकृत केलेला' खर्च तेवढा हिशोबात धरायचा. १९५४ पासूनच्या निर्णयांत न्यायालयांनी हे शब्द काटेकोरपणे वाचले होते. १९७० च्या मगराज पाटोदिया विरुद्ध आर. के. बिर्ला या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले होते की, पक्षाने किंवा मित्रांनी परस्पर केलेला खर्च हा उमेदवाराच्या संमतीचा पुरावा असल्याखेरीज त्याच्या नावावर टाकता येणार नाही. परिणामी उमेदवाराचा हिशोब सदैव मर्यादेच्या आत राही आणि प्रचाराचा डोलारा मात्र मर्यादेच्या कितीतरी बाहेर उभा राही.

३ ऑक्टोबर १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कोडे सोडवण्याचा प्रयत्न केला. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी लिहिलेल्या या निकालाचे मर्म साध्या शब्दांत असे सांगता येईल. खर्चाची मर्यादा कशासाठी आहे? पैशाच्या बळावर निवडणूक जिंकली जाऊ नये, अपक्ष किंवा निर्धन उमेदवारालाही लढण्याची वास्तव संधी असावी, आणि मोठ्या देणगीदारांचे उपकार निवडून आलेल्यांच्या डोक्यावर राहू नयेत यासाठी. मग तोच पैसा उमेदवाराच्या खिशातून न येता पक्षाच्या तिजोरीतून आला, तर यातील कोणता धोका टळतो? एकही नाही. म्हणून न्यायालयाने ठरवले की, पक्षाने विशिष्ट उमेदवाराच्या प्रचारासाठी खर्च केला, उमेदवाराने तो माहीत असूनही नाकारला नाही, उलट त्याचा लाभ घेतला, तर तो खर्च त्याने गर्भितपणे अधिकृत केला असेच मानले जाईल. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराचा खर्च मात्र यातून वगळलेला होता. एखाद्या उमेदवाराशी थेट निगडित खर्चापुरताच हा नियम होता. चावला यांची निवड रद्द झाली.

प्रशासकीय दृष्टीने पाहिले तर हा निकाल अंमलबजावणीला सुकर होता. पैसे कोणाच्या खिशातून गेले हे शोधणे कठीण असते. मंडप कोणासाठी घातला होता हे डोळ्यांनी दिसते. दिसणाऱ्या गोष्टीवर बेतलेला नियम राबवता येतो. न दिसणाऱ्या गोष्टीवर बेतलेला नियम केवळ कागदावर राहतो.

निकालानंतर बरोबर सोळाव्या दिवशी, १९ ऑक्टोबर १९७४ रोजी, राष्ट्रपतींनी एक वटहुकूम जारी केला. कलम ७७ ला एक स्पष्टीकरण जोडण्यात आले. राजकीय पक्षाने, अन्य संघटनेने किंवा उमेदवार व त्याचा प्रतिनिधी वगळता अन्य कोणाही व्यक्तीने केलेला खर्च हा उमेदवाराने केलेला किंवा अधिकृत केलेला खर्च मानला जाणार नाही, असे त्यात म्हटले होते. डिसेंबरमध्ये संसदेने या वटहुकूमाचे कायद्यात रूपांतर केले. ही दुरुस्ती आधी होऊन गेलेल्या निवडणुकांनाही लागू होती. अपवाद होता तो प्रामुख्याने सर्वोच्च न्यायालयाने ज्यांची निवड आधीच रद्द केली होती त्यांचा. म्हणजे सदरचा निकाल कायम राहिला, त्याचे तत्त्व मात्र बाद झाले. कंवरलाल गुप्ता खटला जिंकले. पण त्यांच्यानंतर दुसऱ्या कोणाला त्याच आधारावर जिंकता येऊ नये याची तजवीज झाली. गुप्ता १९७७ मध्ये त्याच मतदारसंघातून पुन्हा लोकसभेत पोहोचले, हा भाग वेगळा.

सरकारच्या बाजूने काहीच म्हणण्यासारखे नव्हते असे नाही. इतिहास लिहिताना दुसरी बाजूही मांडायला हवी. १९७१ च्या उमेदवारांनी आपले हिशोब तेव्हा रूढ असलेल्या न्यायनिर्णयांच्या भरवशावर लिहिले होते. नियमाचा अर्थ मागाहून बदलला आणि त्याची शिक्षा आधीच्या वर्तनाला झाली, तर तो अन्याय ठरतो. हा युक्तिवाद वजनदार आहे. परंतु तो खरा मानला तर उपाय सोपा होता: जुन्या निवडणुका वगळाव्यात आणि पुढील निवडणुकांसाठी न्यायालयाचा अर्थ स्वीकारावा. वटहुकूमाने जुन्यांना संरक्षण दिले आणि पुढच्यांना कायमचा परवाना दिला. तक्रार भूतकाळाविषयी होती, तरतूद भविष्यकाळाची झाली.

त्याच आठवड्यात जगाच्या दुसऱ्या टोकाला एक उलटी घटना घडली. १५ ऑक्टोबर १९७४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी वॉटरगेट प्रकरणानंतर आलेल्या निवडणूक निधी दुरुस्ती कायद्यावर स्वाक्षरी केली. देणग्यांवर आणि खर्चावर मर्यादा आल्या, आणि त्या राबवण्यासाठी स्वतंत्र संघीय निवडणूक आयोग स्थापन झाला. पुढे १९७६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाखाली खर्चाच्या मर्यादा बहुतांशी रद्द केल्या. म्हणजे अमेरिकेत कायदेमंडळाने बांधलेला बांध न्यायालयाने फोडला. आपल्याकडे न्यायालयाने बांधलेला बांध कायदेमंडळाने फोडला. पाणी दोन्हीकडे वाहूनच गेले. पण आपल्या उदाहरणात बांध फोडणारे आणि पाणी वळवून घेणारे एकच होते, हा फरक नजरेआड करता येत नाही.

दिल्लीतील या वटहुकूमाची सावली लगेचच एका मोठ्या खटल्यावर पडली. राजनारायण यांनी इंदिरा गांधींच्या रायबरेलीतील निवडीला दिलेले आव्हान तेव्हा अलाहाबाद उच्च न्यायालयात प्रलंबित होते आणि त्यात ३५,००० रुपयांची खर्चमर्यादा ओलांडल्याचा आरोपही होता. १२ जून १९७५ रोजी न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिराजींची निवड रद्द केली, पण ती सरकारी अधिकाऱ्यांच्या साहाय्याच्या मुद्द्यांवर. खर्चाच्या मुद्द्यावर नव्हे. त्याच सुमारास जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांच्या अध्यक्षतेखाली निवडणूक सुधारणांवर एक समिती बसली होती. सासवडच्या या निवृत्त न्यायाधीशांच्या समितीचा अहवाल फेब्रुवारी १९७५ मध्ये आला. पक्षांनी हिशोब ठेवावेत आणि त्यांचे लेखापरीक्षण व्हावे ही मागणी त्यात होती. चार महिन्यांनी आणीबाणी आली आणि अहवाल बाजूला पडला.

धोक्याची सूचना याहीपूर्वी मुंबईतून दिली गेली होती. १९५७ मध्ये टाटा लोखंड व पोलाद कंपनीने राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या संस्थापन लेखात दुरुस्ती मागितली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी कायद्याला धरून ती मान्य केली. मात्र उद्योगांचा पैसा राजकारणात येऊ लागला तर लोकशाहीचा गळा आवळला जाईल, संसदेने वेळीच लक्ष घालावे, असा इशाराही त्याच निकालात दिला. संसदेने १९६९ मध्ये कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर बंदी घातली, १९८५ मध्ये ती उठवली. बंदीच्या काळात पैसा थांबला नाही. तो फक्त धनादेशातून निघून पिशवीत गेला. नियम कडक करून देखरेख ढिली ठेवली की काय होते, याचा हा पाठ होता.

१९७४ च्या स्पष्टीकरणाला सर्वोच्च न्यायालयात थेट आव्हान मिळाले ते डॉ. पी. नल्ला थंपी टेरा यांच्या याचिकेद्वारे. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने ही तरतूद घटनाबाह्य नाही असा निर्वाळा दिला. मात्र या तरतुदीमुळे मुक्त व न्याय्य निवडणुकांचे तत्त्व पातळ होते, ही याचिकाकर्त्याची टीका गैर नाही, हेही निकालात नमूद केले. धोरण ठरवणे हे न्यायालयाचे काम नव्हे, ते संसदेचे, असा त्या निकालाचा रोख होता. १९९३ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर मतदारसंघातील गाजलेल्या गडाख-विखे खटल्यात सर्वोच्च न्यायालय अधिक कठोर बोलले. तो खटला मुख्यतः प्रचारातील आरोपांविषयीचा होता. पण या स्पष्टीकरणामुळे खर्चमर्यादा ही निव्वळ धूळफेक उरली आहे, अशा आशयाचे मत न्यायालयाने जाताजाता नोंदवले.

१९९६ मध्ये पहिल्यांदा थेट पक्षांना हात लागला. 'कॉमन कॉज' या दिल्लीतील संस्थेने एक साधा प्रश्न विचारला होता. आयकर कायद्याच्या कलम १३अ नुसार १९७९ पासून पक्षांचे उत्पन्न करमुक्त आहे, पण हिशोब ठेवण्याच्या, लेखापरीक्षणाच्या आणि विवरणपत्र भरण्याच्या अटीवर. मग ही विवरणपत्रे कोठे आहेत? न्यायालयासमोर जे आले ते लाजिरवाणे होते. अनेक पक्षांनी वर्षानुवर्षे विवरणपत्रेच भरली नव्हती आणि आयकर खात्याने त्याविरुद्ध काही केले नव्हते. सामान्य पगारदाराला एका वर्षाच्या विलंबाबद्दल नोटीस पाठवणारे खाते येथे मौन धरून होते. ४ एप्रिल १९९६ च्या निकालात न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि न्यायमूर्ती फैजानुद्दीन यांनी सांगितले की, ज्या पक्षाचे हिशोब नियमानुसार नाहीत त्याच्या खर्चाला १९७४ च्या स्पष्टीकरणाचा आडोसा मिळणार नाही. पक्षांनी निवडणूक खर्चाची विवरणे आयोगाला सादर करण्याची पद्धतही याच निकालाच्या आधारे सुरू झाली.

आणि मग २००३ मध्ये संसदेने स्वतःच ते स्पष्टीकरण बदलले. आता वगळला गेला तो केवळ पक्षाच्या 'स्टार प्रचारकां'चा प्रवासखर्च: मान्यताप्राप्त पक्षासाठी ४० नेते, इतरांसाठी २०. विशिष्ट उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्च पुन्हा हिशोबात आला. भगवतींनी १९७४ मध्ये जे सांगितले होते, त्याच्या जवळपास पोहोचायला आपल्या कायद्याला २९ वर्षे लागली. याच कायद्याने २०,००० रुपयांवरील देणग्यांची यादी आयोगाला देणे पक्षांवर बंधनकारक केले आणि देणगीदारांना करसवलतही दिली.

कागदावरचा कायदा प्रत्यक्षात कसा चालतो याविषयी थोडे अनुभवाचे बोल. राजधानी क्षेत्रातील एका मतदारसंघात खर्च निरीक्षणाच्या कामाशी माझा संबंध आला होता. यंत्रणा वरवर पाहता भक्कम असते. जिल्हा निवडणूक अधिकारी दरपत्रक काढतो: खुर्चीचे भाडे किती, चहा किती रुपयांना, समोसा किती, ढोलताशाच्या पथकाचे किती. चित्रीकरण पथक सभेचे चित्रण करते, दुसरे पथक ते बसून पाहते आणि खुर्च्या मोजते. त्यावरून 'छाया नोंदवही' तयार होते. उमेदवाराच्या वहीत पांढरी पाने रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. प्रचाराच्या काळात तीन वेळा दोन्ही नोंदवह्या शेजारी ठेवून ताळा पाहायचा. निकालानंतर तीस दिवसांत अंतिम हिशोब. हे सर्व काम माणसे मनापासून करतात. पहाटेपर्यंत चित्रफिती पाहणारे कारकून मी पाहिले आहेत.

पण मोठ्या सभेच्या दिवशी एक मजेशीर दृश्य दिसते. व्यासपीठावर पक्षाचे राष्ट्रीय नेते असतात, मागे पक्षाचे चिन्ह असते, गर्दी मतदारसंघातील असते. फक्त उमेदवार वर चढत नाही. कारण आयोगाच्या सूचनेनुसार उमेदवार व्यासपीठावर आला, किंवा त्याचे छायाचित्र फलकावर लागले, तर सभेचा खर्च त्याच्या नावावर पडतो. तो खाली पहिल्या रांगेत हात जोडून बसून राहिला, की ती सभा 'पक्षाची सर्वसाधारण सभा' होते. सभेला आलेल्यांपैकी एकालाही ती कोणासाठी आहे याबद्दल शंका नसते. निरीक्षक मात्र लिहितो: उमेदवार व्यासपीठावर अनुपस्थित. १९७१ च्या दिल्ली सदरमधील मंडपाचाच हा प्रश्न, फक्त त्याचे पाच पायऱ्यांच्या शिडीत रूपांतर झाले आहे.

राजधानी क्षेत्राची आणखी एक गुंतागुंत आहे. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबाद हे व्यवहारात एकच महानगर. निवडणुकीच्या दृष्टीने मात्र ती वेगवेगळी राज्ये. पैसा, छपाई, वाहने आणि कार्यकर्ते मेट्रोने किंवा महामार्गाने क्षणात हद्द ओलांडतात. तपासनाक्याची पथके हद्दीवर थांबतात. आणि बहुतेक मोठ्या पक्षांची मध्यवर्ती कार्यालये, म्हणजे मुख्य तिजोऱ्या, दिल्लीतच. लोकसभेच्या दिल्लीतील उमेदवाराला २०२२ पासून ९५ लाख रुपयांची मर्यादा आहे. त्याच्या पक्षाच्या खर्चाला मात्र आजही कायद्यात कोणतीच कमाल मर्यादा नाही. समोशाचा हिशोब काटेकोर आणि कोट्यवधींच्या मोहिमेला मोकळे रान, अशी ही विषम व्यवस्था आहे.

उमेदवाराविरुद्ध तरी आयोगाच्या हाती कलम १०अ आहे: हिशोब विहित वेळेत व रीतीने दिला नाही तर तीन वर्षांची अपात्रता. २०११ मध्ये उत्तर प्रदेशातील आमदार उमलेश यादव यांना 'पेड न्यूज'च्या खर्चाबद्दल याच कलमाखाली अपात्र ठरवण्यात आले. आपल्याकडील अशोक चव्हाण यांच्या २००९ च्या भोकर निवडणुकीच्या प्रकरणात, वृत्तपत्रीय जाहिरातींवर केवळ ५,३७९ रुपये खर्च दाखवल्याचा मुद्दा देशभर गाजला. हिशोब खरा आहे की नाही हे तपासण्याचा आयोगाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये उचलून धरला. तथापि आयोगाचा चव्हाण यांच्याविरुद्धचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रद्द केला. निवडणूक २००९ ची, निर्णय २०१४ चा. पाच वर्षांच्या मुदतीच्या सभागृहासाठी एवढा काळ म्हणजे पूर्ण मुदतच.

पक्षाविरुद्ध आयोगाकडे याहूनही कमी आहे. नोंदणी करण्याचा अधिकार आयोगाला आहे. पण एकदा केलेली नोंदणी, ती फसवणुकीने मिळवलेली असणे यांसारखे मोजके अपवाद वगळता, रद्द करण्याचा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरवले. २०२५ मध्ये आयोगाने सहा वर्षे एकही निवडणूक न लढवलेले शेकडो कागदी पक्ष यादीतून काढले; पण जे पक्ष निवडणुका लढवतात आणि जिंकतात त्यांच्या हिशोबाबाबत आयोगाच्या हाती मुख्यतः पत्रव्यवहारच उरतो.

उरते आयकर खाते. १९९६ ला मौन धरणारे हे खाते पुढे बोलू लागले. २०१७-१८ या वर्षाचे विवरणपत्र मुदतीनंतर भरल्याबद्दल आणि २,००० रुपयांहून अधिक रकमेच्या रोख देणग्या घेतल्याबद्दल काँग्रेसची करमुक्ती नाकारण्यात आली. दिल्लीच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने जुलै २०२५ मध्ये सुमारे १९९ कोटी रुपयांच्या उत्पन्नाबाबत तो निर्णय कायम केला. कायद्याच्या अक्षरानुसार मुदत ही मुदतच. परंतु वसुलीची कारवाई २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर झाली आणि पक्षाच्या बँक खात्यांवर टाच आली, तेव्हा वेळेविषयी प्रश्न उठले. अखेर निवडणूक होईपर्यंत मोठ्या रकमेच्या मागण्यांबाबत सक्तीची कारवाई करणार नाही, असे सरकारला सर्वोच्च न्यायालयात सांगावे लागले. मी येथे कोणत्या पक्षाची बाजू घेत नाही. मुद्दा असा की, ज्या खात्याचा मंत्री एका पक्षाचा असतो त्या खात्याने दुसऱ्या पक्षावर केलेली कारवाई, ती कितीही कायदेशीर असो, निःपक्षपाती दिसू शकत नाही. आणि निवडणुकीच्या कायद्यात निःपक्षपाती असणे जितके आवश्यक, तितकेच तसे दिसणेही.

१९७४ चा प्रसंग एकदाच घडला असता तर तो अपवाद म्हणून सोडून देता आला असता. पण त्याची पुनरावृत्ती झाली, आणि या वेळी तर सत्ताधारी व विरोधक एका बाजूला होते. २८ मार्च २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ठरवले की, काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी वेदान्त समूहाच्या भारतीय कंपन्यांकडून, त्यांत गोव्यातील सेसा गोवाही आली, घेतलेल्या देणग्या परकीय देणगी कायद्याचा भंग करणाऱ्या आहेत, कारण या कंपन्यांची मालकी परदेशी होती. सरकारने व आयोगाने सहा महिन्यांत कारवाई करावी असा आदेश झाला. याचिकाकर्त्यांत 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स' या संस्थेबरोबर ई. ए. एस. शर्मा हे केंद्र सरकारचे निवृत्त सचिव होते. आमच्या सेवेतील एका माणसाने निवृत्तीनंतर हे काम केले याचे मला अप्रूप आहे. कारवाई झाली नाही. दोन्ही पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१६ च्या वित्त कायद्याने 'परकीय स्रोत' या शब्दाची व्याख्या २०१० पासून पूर्वलक्षी प्रभावाने बदलली. पण वादातील देणग्या त्याआधीच्या, म्हणजे १९७६ च्या जुन्या कायद्याखालील होत्या. तेव्हा २०१८ च्या वित्त कायद्याने ती तारीख थेट ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेली. रद्द होऊन गेलेल्या कायद्यात दुरुस्ती करण्याचा हा प्रकार प्रशासनाच्या इतिहासात विरळाच.

निवडणूक रोख्यांची हकिकत या पार्श्वभूमीवर वाचावी. २०१७ च्या वित्त कायद्याने कंपन्यांच्या देणगीवरील नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली आणि रोख्यांद्वारे आलेल्या देणगीचा तपशील आयोगाला देण्याच्या बंधनातून पक्षांना सोडवले. निवडणूक आयोगाने मे २०१७ मध्येच विधी मंत्रालयाला पत्र लिहून हे पाऊल प्रतिगामी असल्याचे कळवले होते. रोखे निघत राहिले. एकूण विक्री साडेसोळा हजार कोटी रुपयांच्या घरात गेली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना एकमताने रद्द केली. पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड. १९८५ मध्ये वडिलांनी संसदेच्या विवेकावर सोपवलेला विषय ३९ वर्षांनी मुलापुढे वेगळ्या रूपात आला आणि या वेळी न्यायालयाने तो संसदेवर सोडला नाही. यात पितापुत्रांचा विरोध शोधण्याचे कारण नाही. मधल्या काळात मतदाराचा माहितीचा अधिकार हा मूलभूत अधिकार म्हणून मान्य झाला होता. न्यायालय बदलले ते त्या अधिकाराच्या आधाराने.

या निकालानंतर स्टेट बँकेने तपशील देण्यासाठी जून अखेरपर्यंत मुदत मागितली. न्यायालयाने ती नाकारताच काही दिवसांत सारी माहिती बाहेर आली. अंमलबजावणी अशक्य असते असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. आदेश स्पष्ट आणि मुदत निश्चित असेल तर सरकारी यंत्रणा काम करते.

या अर्धशतकाच्या इतिहासातून मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, उमेदवाराला मर्यादा आणि पक्षाला मोकळीक ही रचना मुळातच राबवता येणारी नाही. ब्रिटनने २००० साली पक्षांच्या राष्ट्रीय प्रचारखर्चालाही मर्यादा घातली, तशी येथेही घालावी लागेल. दुसरी, पक्षांचे लेखापरीक्षण त्यांनीच नेमलेल्या लेखापालाकडून न होता आयोगाने नेमलेल्या लेखापरीक्षकाकडून व्हावे आणि त्याबद्दलच्या शिक्षेचा अधिकार सरकारच्या खात्याकडे न राहता आयोगाकडे यावा. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, या विषयातील कोणतीही दुरुस्ती पूर्वलक्षी नसावी आणि ती पुढील सार्वत्रिक निवडणुकीनंतरच अंमलात यावी. आपल्याच खटल्यात आपणच कायदा बदलण्याचा मोह त्यामुळे बराचसा ओसरेल, कारण तेव्हा सत्तेवर कोण असेल हे कोणालाच ठाऊक नसते.

यापैकी तिसऱ्या सूचनेला एक पैसाही खर्च येत नाही. ती सर्वांत अवघडही आहे. नोंदवहीत समोसे लिहिणाऱ्या कनिष्ठ लिपिकाचा कायद्यावर विश्वास टिकवायचा असेल, तर त्याने पकडलेली चूक दिल्लीत मागाहून कायदेशीर होणार नाही, एवढी हमी त्याला मिळायला हवी. १९७४ च्या ऑक्टोबरात ती मिळाली नाही आणि २०१८ मध्येही मिळाली नाही. ती मिळेपर्यंत खुर्च्या मोजणे चालूच ठेवावे लागेल. त्या मोजल्या गेल्या म्हणूनच कंवरलाल गुप्ता यांची याचिका उभी राहू शकली होती.